सुया आणि काढे : चिनी उपचारांपासून काय अपेक्षा ठेवावी?

न्यासाच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांच्या घरोघरी उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळींकडून आली. विषयासाठी आम्हांला दूर जावे लागले नाही. गुडघे, कंबर आणि मान यांनी जेरीस आलेली आमच्या विद्यानगरातील वडीलधारी मंडळी हल्ली एकमेकांना एकच प्रश्न विचारताना आढळतात : "सुया टोचून घ्याव्यात काय?" कोणी सांगतो, आमच्या मेहुण्यांचा गुडघा महिनाभरात मोकळा झाला. कोणी म्हणतो, निव्वळ पैशाचा चुराडा. न्यासातर्फे अ‍ॅक्युपंक्चरचे एखादे मोफत शिबिर भरवावे, असेही काही सभासदांनी सुचविले आहे.

आम्ही डॉक्टर नाही, वैद्य नाही, हकीमही नाही. आम्ही शिक्षक आहोत. एखादी गोष्ट नीट वाचून, तिच्यातले ठरलेले काय आणि ऐकीव काय हे वेगळे करून सांगणे एवढेच आमचे काम. ते काम येथे करीत आहोत.

प्रश्न केवळ फीच्या पैशांचा नाही. सुया लावून घेऊ लागल्यावर रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी "आता कशाला?" म्हणून बंद करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. गुडघा थोडा हलका होतो, तेवढ्यात रक्तातली साखर दुप्पट झालेली असते. म्हणून या उपचारांपासून काय मिळते, काय मिळत नाही आणि काय सांभाळावे लागते, हे घरातल्या कर्त्या स्त्री-पुरुषांनी आधी समजून घेतले पाहिजे.

१. हे नाव आपल्याकडे कसे आले?

अ‍ॅक्युपंक्चर म्हटले की मराठी माणसाला डॉ. कोटणीस आठवतात. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा चिनी सेनापती चू तेह यांनी भारताकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे इतर चौघे. बाकीचे पुढे परतले, कोटणीस परतले नाहीत. ते डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला आणि हे नाव देशभर पोहोचले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कोटणीस हे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर होते. रणभूमीवर त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांचे थोरपण त्या सेवेत आहे. अ‍ॅक्युपंक्चर आपल्या देशात आणण्याचे श्रेय त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांचे. स्वातंत्र्यानंतर बसू पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्यात ती सुरू केली. पुढे बसूंच्या परिश्रमाने आणि कोटणीसांच्या स्मृतीने या दोन नावांची सांगड बसली. लुधियानाचे अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयही कोटणीसांच्याच नावाने चालते.

थोर पुरुषाचे नाव पाटीवर असले म्हणजे आतला उपचार सिद्ध झाला असे होत नाही. कोटणीसांना वंदन करावे. सुयांची परीक्षा मात्र स्वतंत्रपणे करावी.

२. या पद्धतीची मूळ कल्पना

दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या चिनी ग्रंथांत असे मानले आहे की शरीरात 'ची' नावाची एक प्राणशक्ती वाहते. तिच्या वाटा ठरलेल्या असून त्यांतल्या मुख्य चौदा आहेत. त्या वाटांवर ३६१ नेहमीचे बिंदू सांगितले आहेत. प्रवाह कोठे अडला, कोठे साचला, की रोग होतो. बिंदूवर सुई लावून तो मोकळा करावयाचा, ही मूळ कल्पना.

हैदराबादच्या माणसाला ही भाषा फारशी परकी वाटू नये. चारमिनारजवळच्या युनानी दवाखान्यातील हकीमसाहेब खून, बलगम, सफरा आणि सौदा या चार 'खिल्तां'चा तोल पाहतात. आपला वैद्य वात, पित्त, कफ पाहतो. चिनी वैद्य थंड आणि उष्ण, यिन आणि यांग यांचा तोल पाहतो. तिघेही मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहतात आणि तिघेही जीभ दाखवा म्हणतात. शरीर उघडून पाहण्याची साधने नसताना बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरून आतले ओळखण्याचा हा बुद्धिमान माणसांचा प्रयत्न होता. त्याचा उपहास करण्याचे कारण नाही.

परंतु शरीरशास्त्राने शवविच्छेदन केले, सूक्ष्मदर्शकाने पाहिले, आणि त्याला 'ची'च्या वाटा सापडल्या नाहीत. खुद्द चीनमध्येही या विद्येचा मान नेहमी सारखा राहिला नाही. १८२२ साली तेथील बादशहाने राजवैद्यांच्या शिक्षणातून सुयांचा विषय काढून टाकला होता. विसाव्या शतकात, डॉक्टरांची फार टंचाई असताना, नव्या सरकारने तो पुन्हा उचलून धरला. तेव्हा जुनी म्हणून खरी हा युक्तिवाद चालणार नाही आणि जुनी म्हणून खोटी हाही चालणार नाही. गुण येतो किंवा नाही, हे मोजून पाहावे लागते.

३. दवाखान्यात प्रत्यक्ष काय होते?

पहिल्या भेटीत बराच वेळ विचारपूस होते. दुखणे कोठे, कधी वाढते, झोप कशी, भूक कशी, शौच कसे, हे सारे विचारले जाते. नाडी व जीभ पाहिली जाते. चांगला उपचारक तुमचे जुने कागद, क्ष-किरणाचे चित्र, रक्ताचे अहवाल आणि चालू औषधांची नावेही मागतो. हे न मागणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

जाताना सैल कपडे घालावेत. अगदी उपाशीपोटी जाऊ नये, कारण घेरी येण्याचा संभव असतो. तुडुंब जेवूनही जाऊ नये. बहुधा आडवे झोपविले जाते. त्वचा स्वच्छ पुसून सुया लावतात. या सुया इंजेक्शनच्या सुईसारख्या पोकळ नसतात. त्या भरीव आणि केसासारख्या बारीक, साधारण पाव मिलिमीटर जाडीच्या असतात. त्यांतून शरीरात औषध जात नाही. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते. मग त्या जागी जडपणा, ठणका किंवा मुंग्या जाणवतात. चिनी उपचारक त्याला 'दे-ची' म्हणतात आणि ते चांगले लक्षण मानतात. तीव्र, विजेसारखी कळ आली तर मात्र लगेच सांगावे. सोसत पडून राहू नये.

सुया वीस ते तीस मिनिटे ठेवतात. काही ठिकाणी त्यांना बारीक विद्युत्प्रवाह जोडतात. हृदयात पेसमेकर बसविलेला असेल तर ते आधीच सांगितले पाहिजे. काही जण 'मोक्सा' म्हणजे एका वनस्पतीचा वाळलेला लव बिंदूजवळ जाळून शेक देतात. ही वनस्पती चैत्रात ज्योतिबाला वाहतात त्या दवण्याच्या कुळातली आहे. ज्यांच्या पायांना मधुमेहामुळे बधिरपणा आला आहे त्यांनी हा शेक घेऊ नये, कारण भाजले तरी त्यांना कळत नाही. काही ठिकाणी पेले लावून त्वचा ओढून धरतात. ते आपल्या तुंबडीचेच भावंड. जुन्या शहरात 'हिजामा' करतात त्यात त्वचेला चिरा देऊन रक्तही काढतात. चिनी पद्धतीत बहुधा कोरडेच पेले लावतात. त्यांचे गोल काळेनिळे वळ काही दिवस राहतात, त्याने घाबरू नये.

घरी आल्यावर थोडी सुस्ती येते, कोठे रक्ताचा थेंब किंवा लहानसा काळा डाग दिसतो. हे सर्व साधारण आहे. आठवड्यातून एक-दोन वेळा याप्रमाणे सहा ते दहा बैठका होतात. पहिल्याच बैठकीत चमत्कार होईल असे समजू नये. उलट सहा-आठ बैठकांनंतर काहीच फरक नसेल, तर "अजून वीस घ्या" हा सल्ला मानण्याचे कारण नाही.

४. गुण किती येतो?

या प्रश्नावर शेजाऱ्याचा अनुभव हे उत्तर होऊ शकत नाही. कंबरदुखी स्वतःहूनही चढते-उतरते. माणूस उपचाराला जातो तो दुखणे अगदी चढले असताना, आणि त्यानंतर ते उतरणारच असते. म्हणून परीक्षा अशी घेतात : रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून गट करावयाचे. एका गटाला खऱ्या बिंदूंवर सुया लावावयाच्या. दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच जागी, वरवर लावावयाच्या. तिसऱ्याला नेहमीचे उपचार द्यावयाचे. आणि मग मोजावयाचे.

जर्मनीत अशी एक मोठी परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रोगी त्यात होते. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला आराम होता. खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के. औषधे-व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्के.

हे आकडे दोनदा वाचावेत, कारण सर्व धडा त्यांत आहे. सुया लावलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा पुष्कळ अधिक आराम पडला, हे खरे. पण सुई खऱ्या बिंदूवर लावली की भलतीकडे, याने जवळजवळ काही फरक पडला नाही, हेही तितकेच खरे. म्हणजे आराम आहे, पण तो बिंदूंच्या नकाशाचा दिसत नाही. टोचण्याने मज्जातंतू चेतविले जातात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते. अर्धा तास शांत पडून राहणे, कोणी आस्थेने विचारपूस करणे आणि गुण येईल अशी आशा या सर्वांचाही त्यात वाटा आहे.

अर्धशिशीचेही असेच. २०१६ साली अनेक परीक्षा एकत्र करून पाहिल्या गेल्या. नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड दिल्यावर १०० पैकी ४१ जणांचे झटके निम्म्याने किंवा अधिक कमी झाले. जोड न दिलेल्यांत १०० पैकी १७ जणांचे. खऱ्या आणि खोट्या सुयांची तुलना केली तेव्हा ५० आणि ४१ असा फरक पडला. फरक आहे, पण लहान. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूला टोचणे किंवा दाबणे उपयोगी पडते, असेही पुष्कळ परीक्षांत दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीच्या मार्गदर्शनात सुयांच्या उपचाराला अटींसह जागा दिली. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनाने मात्र २०१६ साली कंबरदुखीसाठी सुया नकोत असे सांगितले आणि २०२१ साली दुसऱ्या प्रकारच्या जुनाट वेदनांसाठी त्या वापरून पाहण्यास हरकत नाही असे सांगितले. जाणत्या मंडळींतही एकमत नाही, हे यावरून दिसेल.

तेव्हा अपेक्षा येणेप्रमाणे ठेवावी. जुनाट कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी आणि मळमळ यांत थोडा किंवा मध्यम आराम पडणे शक्य आहे. झिजलेला गुडघा पुन्हा नवा होणार नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, क्षय, कर्करोग आणि मूत्रपिंडाचे विकार सुयांनी बरे होत नाहीत. कर्करोगाच्या औषधांमुळे होणारी मळमळ काहींना सुयांनी कमी वाटते, पण म्हणून ती औषधे सोडावयाची नाहीत.

येथे एका जुन्या दंतकथेचा निकाल लावू. १९७१ साली जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराचे आंत्रपुच्छ पेकिंगच्या रुग्णालयात काढले गेले. त्याने आपल्या वृत्तपत्रात तो अनुभव लिहिला आणि पश्चिमेकडे सुयांचा बोलबाला झाला. नुसत्या सुया टोचून, गुंगी न देता पोट कापले, असे अजूनही सांगितले जाते. वास्तविक शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला बधिर करण्याचे नेहमीचे औषध दिले होते. सुया लावल्या त्या नंतर, पोटातल्या अस्वस्थतेसाठी. रेस्टनने स्वतः तसेच लिहिले होते. लोकांनी गोष्ट वाढविली.

५. चिनी काढे

सुयांच्या जोडीला पुष्कळदा चिनी वनस्पतींचे चूर्ण, गोळ्या किंवा काढे दिले जातात. सर्दी-पडशाला उन्नाब, मुलेठी आणि बनफशा उकळून 'जोशांदा' पिणाऱ्या हैदराबादकरांना याचे नवल नाही. चिनी काढ्यातही बोरासारखे लाल खजूर, आले, दालचिनी आणि ज्येष्ठमध असतात. चव बहुधा कडू. एका पुडीत आठ-दहा जिन्नस, आणि रोग्यागणिक प्रमाण निराळे.

या भांडारात खरे सोने आहे, याचे उदाहरण आपल्या शहरापासूनच सुरू होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. हुसेनखान नावाच्या रोग्याला चावून घेण्याबद्दल दर डासामागे एक आणा देऊन त्यांनी ते डास मिळविले होते. बेगमपेठेत ती इमारत आजही आहे. रोग कोठून येतो याचा धागा येथे हाती लागला. त्यावरचे एक उत्तम औषध पुढे चीनमध्ये सापडले. २३ मे १९६७ रोजी चीनने हिवतापावर औषध शोधण्याची गुप्त मोहीम सुरू केली. संशोधिका तू योयो यांनी शेकडो जुने पाठ तपासले. चौथ्या शतकातील को हुंग याने दवण्याच्या कुळातली छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असे लिहिले होते. उकळावी असे लिहिले नव्हते. त्यावरून तू योयोंच्या ध्यानात आले की उष्णतेने गुण नष्ट होत असावा. १९७१ साली त्यांनी कमी तापमानाला, ईथर वापरून अर्क काढला. तो आधी उंदरांवर आणि मग स्वतःवर घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन हे औषध निघाले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्या औषधाला दुसऱ्या औषधाची जोड देऊन जगभर हिवतापाचे रोगी वाचविले जातात.

या गोष्टीचा अर्थ लोक उलटा लावतात. "पाहा, चिनी पाला खरा ठरला!" असे म्हणतात. पाला खरा ठरला तो त्यातले द्रव्य वेगळे काढून, मोजून, तपासून पाहिल्यावर. त्याच वनस्पतीचा चहा हिवतापावर पिऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्यात औषधाची मात्रा अनिश्चित व अपुरी असते.

आता दुसरी बाजू. १९९० नंतरच्या एक-दोन वर्षांत ब्रुसेल्स शहरातील वजन घटविण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या पुड्या दिल्या गेल्या. नावातल्या साधर्म्यामुळे एका वनस्पतीऐवजी दुसरी, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली, त्यात आली. सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. कित्येकींची कायमची निकामी झाली आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडची ईश्वरी ही वनस्पतीही त्याच कुळातली आहे, हे घरगुती मुळ्या-पाल्याची आवड असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

फसवणुकीचेही प्रकार झाले आहेत. १९९९ साली लंडनमध्ये इसबावरची अकरा 'निव्वळ वनस्पतींची' चिनी मलमे तपासली, तेव्हा आठांत डेक्सामेथासोन हे तीव्र स्टेरॉइड निघाले. गुण लवकर येत होता तो त्याचा.

भेसळ नसली तरी वनस्पती म्हणजे निरुपद्रवी असे नाही. बचनाग ही वनस्पतीच आहे. तो चिनी औषधांतही आहे, आणि शुद्धी नीट न झाल्यास प्राण घेतो. ज्येष्ठमध फार दिवस घेतला तर रक्तदाब चढतो. 'मा-ह्वांग' या वनस्पतीने हृदयाची धडधड व रक्तदाब वाढतो. तिच्यातील द्रव्य असलेली वजन घटविण्याची उत्पादने अमेरिकेने २००४ साली बंद केली. रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणाऱ्यांनी तर कोणतीही पुडी आपल्या डॉक्टरांना दाखविल्यावाचून घेऊ नये.

६. कायद्याने काय म्हटले आहे?

केंद्र सरकारने २०१९ साली अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला असून तेथे उपचारकांच्या नोंदणीसाठी परिषद आहे. तो कायदा महाराष्ट्रापुरता. पुण्याच्या किंवा नांदेडच्या नातेवाइकांनी नोंदणीची चौकशी केली म्हणून आपल्या गल्लीतला उपचारक नोंदलेला असेल असे समजू नये. त्याची मूळ पदवी कोणती, हे शिक्षण त्याने कोठे व किती वर्षे घेतले, हे सरळ विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

चिनी वनस्पती-औषधींना मात्र आयुर्वेद किंवा युनानी यांच्यासारखी मान्यताप्राप्त पद्धती म्हणून आपल्या देशात स्थान नाही. हकिमाची किंवा वैद्याची पदवी, महाविद्यालय आणि नोंदणी असते. एर्रागड्ड्याला युनानीची सरकारी संशोधन संस्थाही आहे. चिनी पुडी देणाऱ्याच्या मागे अशी व्यवस्था उभी नाही. तेव्हा सुयांपेक्षा पुड्यांबद्दल अधिक सावध राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

७. घरातल्या माणसांनी सांभाळावयाच्या गोष्टी

पहिली : आधी निदान, मग सुया. कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती जाऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आला किंवा वजन उतरू लागले, तर थेट रुग्णालय गाठावे. डावा खांदा व हात दुखतो म्हणून सुया लावून घ्यावयास गेलेल्या माणसाचे दुखणे हृदयाचे असू शकते.

दुसरी : चालू औषधे बंद करू नयेत. सुया लावून घेतल्या म्हणून साखरेची, रक्तदाबाची, फिटची किंवा थायरॉइडची गोळी सोडा असे जो सांगेल, त्याच्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढू नये.

तिसरी : सुई नवी हवी. बंद पाकीट तुमच्यासमोर फोडले पाहिजे. वापरलेली सुई पुन्हा लावली तर कावीळ 'ब' व 'क' आणि एड्स यांचे जंतू एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. "तुमच्याच सुया तुमच्या नावाने ठेवल्या आहेत" हेही चालवून घेऊ नये. वापरलेल्या सुया टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात जमा झाल्या पाहिजेत, असा २०१६ चा नियम आहे.

चौथी : गरोदर स्त्रिया, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि रक्त न थांबण्याचा विकार असलेले यांनी तसे आधी सांगावे. छातीवर व पाठीच्या वरच्या भागावर खोल सुई गेल्याने फुप्फुसाला छिद्र पडल्याची उदाहरणे आहेत. ती फार थोडी आहेत, परंतु उपचारानंतर धाप लागली तर घरी पडून राहू नये, रुग्णालयात जावे.

पाचवी : पुडीवर जिन्नसांची नावे हवीत. नावे सांगण्यास नकार, "गुप्त पाठ आहे" असे उत्तर किंवा बिनचिठ्ठीची काळी गोळी, यांतले काहीही आढळले की पुडी तेथेच ठेवून परत यावे.

सहावी : वही ठेवावी. उपचारापूर्वी दुखणे दहापैकी किती, किती पावले चालता येते, रात्री किती वेळा जाग येते, हे लिहावे. प्रत्येक आठवड्याला पुन्हा लिहावे. सहा आठवड्यांनी वही उघडली की पुढे पैसे खर्च करावेत की नाही, याचे उत्तर दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.

८. शिबिराच्या सूचनेविषयी

आता शिबिराच्या सूचनेविषयी. ती चांगल्या हेतूने आली आहे यात शंका नाही. तरी आमचे म्हणणे असे की एका दिवसात दोनशे माणसांना सुया लावण्यात कोणाचे हित नाही. एका बैठकीने गुण येत नाही आणि गर्दीत स्वच्छता राहत नाही. शिबिर घ्यावयाचेच असेल तर रोगी थोडे असावेत. प्रत्येकाची आधी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. सुयांची पाकिटे न्यासाने स्वतः विकत घ्यावीत आणि त्यांचा हिशेब ठेवावा. सहा आठवड्यांचा क्रम पुरा करण्याची हमी उपचारकाने द्यावी. कोणतीही पुडी किंवा गोळी तेथे विकली जाऊ नये. हे जमणार नसेल, तर त्याच पैशांत रक्तदाब व साखर तपासण्याचे शिबिर घेतलेले बरे. त्याने वाचणारे प्राण अधिक.

सुया म्हणजे जादू नव्हे, आणि थोतांड म्हणून झिडकारून टाकण्याची वस्तूही नव्हे. ज्यांचे निदान झाले आहे, ज्यांची औषधे चालू आहेत आणि तरीही ज्यांना दुखते, त्यांनी जाणत्या हाताखाली, नव्या सुयांनी, ठरावीक बैठका घेऊन पाहावे. आराम पडला तर आनंद आहे. न पडल्यास थांबावे. मुलांना आम्ही गणितात सांगतो की उत्तर आले तरी ताळा करून पाहा. आपल्या शरीराच्या बाबतीत तेवढा ताळा प्रत्येक घराने करावा, ही आमची विनंती.